मजकूर कुणाचा, पान कुणाचं?

रविवारच्या पुरवणीचं पान लावायला घेतलं की रात्री एक वाक्य हमखास ऐकू यायचं : "मॅटर सहा ओळी जास्त होतंय." सांगणारा पान लावणारा ऑपरेटर, ऐकणारी मी, उपसंपादक. मग दोनच वाटा असायच्या. मी सहा ओळी कापायच्या, नाहीतर त्याने टाइप अर्ध्या पॉइंटाने लहान करायचा. पान सोडायची वेळ झालेली असायची, त्यामुळे बहुतेकदा दोन्ही थोडं थोडं करून आम्ही मोकळे व्हायचो.

एका पावसाळ्यात जुलाब-उलट्यांवरच्या लेखात असंच झालं. लेखाच्या पोटात, एका लांब परिच्छेदात, घरच्या घरी जलसंजीवनी कशी करायची ते लिहिलेलं होतं. एक लिटर स्वच्छ पाणी घ्यावं, त्यानंतर त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर घालावी, तसंच अर्धा सपाट चमचा मीठ घालावं, असं ते वाक्य चाललं होतं. ऑपरेटर म्हणाला, "ताई, हे चौकटीत काढूया का?" काढलं. पाणी, साखर, मीठ, एकाखाली एक, मापासकट. आणि गंमत म्हणजे 'त्यानंतर', 'त्यात', 'तसंच' हे सगळे शब्द आपोआप गळून पडले. जागा उरली. शिवाय ज्या आईला ते रात्री दोन वाजता शोधायचं होतं, तिला ते लगेच सापडणार होतं.

आता सांगा, त्या रात्री आम्ही लेखन सुधारलं की मांडणी? मला आजही ते वेगळं करता येत नाही. आणि या वेगळं न करता येण्याचाच अभ्यास शिकवणाऱ्या पदव्युत्तर पदव्या जगात आहेत, हे मला फार उशिरा कळलं. इकडच्या मुलांना ते वेळेत कळावं म्हणून हा लेख.

दोन उपयोजित

आपल्याकडे महाविद्यालयांत 'उपयोजित मराठी' किंवा 'व्यावहारिक मराठी' असा विषय असतो. त्यात पत्रलेखन, अहवाल, जाहिरातीचा मजकूर, मुलाखत, मुद्रितशोधन वगैरे येतं. दुसरीकडे जे. जे.सारख्या संस्थांत 'उपयोजित कला' असते. त्यात अक्षररचना, पोस्टर, बोधचिन्ह, पुस्तकाची मांडणी येते. शब्द तोच, 'उपयोजित', म्हणजे काहीतरी काम करून दाखवणारं. पण हे दोन उपयोजित एकाच वर्गात कधी बसत नाहीत. मराठीच्या विद्यार्थ्याला लीडिंग, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, ते कुणी सांगत नाही आणि कलेच्या विद्यार्थ्याला कर्मणी वाक्य सरळ कसं करायचं ते कुणी शिकवत नाही.

आपण ज्या शिक्षणाबद्दल बोलतोय ते या दोघांना एका बाकावर बसवतं. इंग्रजीत ज्याला प्रोफेशनल रायटिंग म्हणतात त्यात कथा-कविता नसते. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, कर्जाचा अर्ज, संग्रहालयातल्या पाट्या, सरकारी संकेतस्थळ, संस्थेचा वार्षिक अहवाल, यंत्राची पुस्तिका : वाचून माणसाला काहीतरी करायचं असतं असं सगळं लेखन. ग्राफिक डिझाइन म्हणजे ते डोळ्यांपुढे कसं यावं याची रचना. दोन्ही मिळून होणाऱ्या पदवीला ठरलेलं एक नाव नाही, आणि म्हणूनच ती शोधताना मुलं चुकतात. कुठे तिला पब्लिकेशन्स डिझाइन म्हणतात, कुठे इन्फर्मेशन डिझाइन, कुठे डॉक्युमेंट डिझाइन. अमेरिकेत बाल्टिमोर विद्यापीठाने लेखन आणि डिझाइन एकत्र शिकवणारा पब्लिकेशन्स डिझाइनचा एमए बरीच वर्षं चालवला, पुढे त्याचं नाव इंटिग्रेटेड डिझाइन झालं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तर इंग्रजी विभाग आणि डिझाइन स्कूल यांनी मिळून एक संयुक्त पदवी काढली होती. तिचं नाव कम्युनिकेशन प्लॅनिंग अँड इन्फर्मेशन डिझाइन. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठाचा टायपोग्राफी अँड ग्राफिक कम्युनिकेशन हा विभाग आहे. मायकेल ट्वायमन यांनी उभा केलेला हा विभाग १९७४ साली स्वतंत्र झाला आणि तिथे इन्फर्मेशन डिझाइनमध्ये एमए करता येतं.

रूपांतर करणारी बाई

या सगळ्याचं मूळ मला व्हिएन्नात दिसतं. १९२५ साली तिथे ओटो नॉयराथ या अर्थशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाने समाज आणि अर्थव्यवस्थेवरचं एक संग्रहालय सुरू केलं. घरं, मजुरी, आजार, बालमृत्यू यांचे आकडे शहरातल्या कामगाराला कळावेत हा हेतू. आकडे तज्ज्ञांकडे होते. चित्रं काढायला पुढे गेर्ड आर्न्ट्स हा उत्तम कलावंत मिळाला. त्याने हजारो चित्रखुणा घडवल्या. पण आकडा आणि चित्र यांच्या मधे आणखी एक काम होतं. तज्ज्ञाकडून आलेल्या ढिगातून सांगण्याजोगं काय, कशाची कशाशी तुलना करायची, काय गाळायचं, काय शेजारी ठेवायचं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. ते काम मारी रायडेमायस्टर करायच्या. पुढे नॉयराथशी लग्न झाल्यावर त्या मारी नॉयराथ झाल्या.

या कामाला त्या मंडळींनी ट्रान्सफॉर्मर असंच नाव दिलं होतं. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हटलं की गावाबाहेरची डीपी आठवते, आणि ती आठवण इथे चुकीची नाही. वरून येणारा दाब घराला झेपेल इतका करून आत सोडायचा. ट्रान्सफॉर्मर हा लोकांच्या वतीने तज्ज्ञासमोर बसलेला विश्वस्त आहे, अशी त्यांची धारणा होती. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. लेखक स्वतःच्या मजकुराचा वकील असतो, चित्रकार स्वतःच्या चित्राचा. वाचकाचा वकील कोण?

त्यांच्या पद्धतीचा एक नियम बघा. जास्त संख्या दाखवायची तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र जास्त वेळा मांडायचं. एक माणूस म्हणजे समजा दहा हजार. तीस हजार दाखवायचे तर तीन माणसं, तिप्पट उंच एक माणूस नाही. कारण उंची तिप्पट केली की रुंदीही वाढते, कागदावरचा आकार नऊपट दिसतो आणि डोळा फसतो. हा निर्णय लेखनाचा की चित्राचा? पुन्हा तेच. १९३५ पासून या पद्धतीला आयसोटाइप म्हणू लागले. नाझींमुळे हे लोक आधी नेदरलँड्समधल्या हेगला आणि नंतर इंग्लंडला गेले. ओटो १९४५ मध्ये वारले, मारी मात्र काम करत राहिल्या. पश्चिम नायजेरियात आरोग्य, शिक्षण आणि मतदान यांच्यावरच्या पुस्तिकाही त्यांनी तिथल्या लोकांसाठी केल्या. त्यांचा सगळा संग्रह आज त्याच रेडिंग विद्यापीठात आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना मूळ कच्चे आराखडे हातात घेऊन बघता येतात. एका आकड्याच्या तक्त्यावरून चित्रापर्यंत जाताना किती कागद वाया गेले तेही दिसतं.

हेतू चांगला, कागद वाईट

चुकलेल्या कागदाने काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ७ नोव्हेंबर २०००, अध्यक्षपदाची निवडणूक, फ्लोरिडातली पाम बीच काउंटी. मतपत्रिकेवर दहा उमेदवार. तिथे वृद्ध मतदार बरेच. त्यांना नीट वाचता यावं म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी टाइप मोठा केला. टाइप मोठा केल्यावर नावं एका पानात मावेनात. म्हणजे आमच्या पुरवणीतलंच वाक्य : मॅटर जास्त होतंय. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर वाटली आणि भोकं पाडायची रांग मधोमध ठेवली. पंख उघडलेल्या फुलपाखरासारखी रचना झाली, तिला पुढे बटरफ्लाय बॅलट हेच नाव पडलं.

मुख्य लढत बुश आणि गोर यांच्यात. डाव्या पानावर पहिलं नाव बुश यांचं, दुसरं गोर यांचं. पण मधल्या रांगेतलं दुसरं भोक गोर यांचं नव्हतंच, ते उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं होतं. गोर यांचं भोक तिसरं. डावीकडे वरून खाली वाचत येणारा माणूस 'दुसरं नाव, दुसरं भोक' असंच धरणार. त्या एका काउंटीत १९ हजारांहून जास्त मतपत्रिकांवर एकापेक्षा जास्त भोकं सापडली आणि त्या बाद झाल्या. अख्ख्या फ्लोरिडाचा आणि त्याबरोबर अध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांनी बुश यांच्या बाजूने लागला.

यात कुणाचा कट नव्हता. वृद्धांना वाचता यावं असं मनापासून वाटणाऱ्या माणसांनी हे केलं. राहिलं ते एवढंच, की छापण्याआधी तो कागद पंधरा-वीस आजी-आजोबांच्या हातात देऊन त्यांना भोक पाडायला सांगायचं. पुढे अमेरिकेतल्या डिझायनरांच्या संघटनेने मतपत्रिका आणि निवडणुकीची कागदपत्रं सुधारण्याचं काम हाती घेतलं. या क्षेत्रातल्या वर्गांत ही मतपत्रिका आजही उदाहरण म्हणून निघते.

मोठ्याने वाचा, अडलात की सांगा

'वाचकाच्या हातात देऊन बघणं' ही या पदवीतली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं माझं मत आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

कार्नेगी मेलनमध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोघांनी माणूस लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं याचा अभ्यास केला. पद्धत साधी होती : लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, आम्ही ते टिपून घेतो. तिथेच कॅरन श्रायव्हर यांनी हीच पद्धत वाचकांकडे वळवली. वाचकाला पुस्तिका द्यायची आणि वाचताना मनात येईल ते बोलायला सांगायचं. "हे काय लिहिलंय... बरं, पुढे... आता हे बटण कुठलं?... जाऊ दे." हे बोलणं जसंच्या तसं उतरवून काढायचं. त्यांना असं दिसलं, की लिहिणाऱ्यांनी अशी उतरवलेली बोलणी पुरेशी वाचली की दुसऱ्या, नव्या मजकुरातही वाचक कुठे अडेल ते त्यांना आधीच ओळखता येऊ लागतं. वाचकाची जाण म्हणजे जन्मजात देणगी असं आपण समजतो. ती शिकवता येते, सरावाने येते, हा या शोधाचा अर्थ. दहा वर्षं उपसंपादकी करून मला जे थोडंफार आलं ते दोन सत्रांत पद्धतशीर शिकता येतं हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आणि गंमत अशी, की वाचक अडतो तिथे दोष कशाचा ते तो सांगत नाही. "कळत नाही" एवढंच म्हणतो. शब्द अवघड होता, की टीप पानाच्या तळाशी गेली होती, की दोन मथळे सारखेच दिसत होते, हे शोधायचं काम आपलं. शब्द आणि मांडणी दोन्ही येत असतील तरच ते सापडतं. नुसत्या लेखकाला प्रत्येक दुखणं वाक्यात दिसतं, नुसत्या डिझायनरला पानात.

बाकी अभ्यासक्रम थोडक्यात. टायपोग्राफी, म्हणजे अक्षररचना, असतेच. संपादन असतं. कोण, कुणाला, कशासाठी बोलतंय याचं शास्त्र, म्हणजे जुनं वक्तृत्वशास्त्र, विशेषतः अमेरिकेत नेमाने असतं. स्टुडिओ असतो. तिथे काम भिंतीवर टाचायचं आणि सगळ्या वर्गाने त्यावर बोलायचं. लिहिणाऱ्या मुलांना हे सुरुवातीला जड जातं, कारण आपला कच्चा खर्डा भिंतीवर लावायची आपल्याला सवय नसते. डिझाइनकडून आलेल्या मुलांना तीनशे शब्द स्वतः लिहायला सांगितलं की तसंच होतं. शेवटी एक मोठा प्रकल्प किंवा प्रबंध असतो. इंग्लंडमध्ये हे सारं साधारण एका वर्षात, अमेरिकेत दोन वर्षांत. अमेरिकेतल्या एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) पदवीला कलाशिक्षणातली शेवटची पदवी मानतात, पुढे विद्यापीठात शिकवायचं असेल तर ती उपयोगी पडते. हे मुद्दाम सांगते, कारण एमए आणि एमएफए यांत मुलांचा फार गोंधळ होतो.

सातबाऱ्यावरची एक रेघ

हे सगळं परदेशातलं झालं, असं वाटत असेल तर कपाटातला सातबारा काढा. २०२० साली महाराष्ट्र सरकारने सातबाऱ्याचा नमुना बदलला. बदल बारीक होते, पण बघा कसले. दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली, म्हणजे एकाचं क्षेत्र दुसऱ्याच्या नावासमोर वाचलं जाऊ नये. मयत खातेदाराच्या किंवा फिटलेल्या बोज्याच्या नोंदीला पूर्वी नुसता कंस असायचा, आता कंसाबरोबर त्यावर आडवी रेघ मारलेली दिसते. लागवडीचं क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) यांची एकूण बेरीज लिहून येऊ लागली. कुठलाही फेरफार प्रलंबित नसेल तर तसं स्पष्ट शब्दांत छापलेलं असतं, रकाना रिकामा सोडत नाहीत. आणि बिनशेती जमिनीच्या उताऱ्याखाली, इथे गाव नमुना बाराची (पिकांच्या नोंदीच्या भागाची) गरज नाही, असं एक वाक्य आलं.

रेघा डिझाइनच्या, वाक्यं लेखनाची, आणि रिकाम्या रकान्याऐवजी 'नाही' छापायचं हा निर्णय दोन्हींचा. रिकामा रकाना बघितला की शेतकऱ्याला प्रश्न पडतो : नोंद नाही, की करायची राहिली? त्या एका शंकेपायी तलाठी कार्यालयाची एक खेप होते. खर्डा करणारा आणि नमुना आखणारा एका टेबलाशी बसले तर असे बदल होतात. अजून कितीतरी कागद रांगेत उभे आहेत.

देवनागरीचं वेगळं गणित

परदेशी शिकायला जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिथली बहुतेक तत्त्वं मराठीला लागू पडतात, नियम मात्र जसेच्या तसे पडत नाहीत. रोमन लिपीत कॅपिटल अक्षरं असतात. मथळा वेगळा करायला, नाव ओळखू यायला ती फुकटात मिळतात. आपल्याकडे ती नाहीत. तिरपा टाइपही आपल्या परंपरेतला नाही, नुसता कलवलेला देवनागरी टाइप डोळ्याला टोचतो. म्हणजे मथळा, उपमथळा, टीप, उद्धृत यांच्यातला फरक आपल्याला जाडी, आकार आणि मोकळी जागा यांतूनच दाखवावा लागतो. रोमनला वर-खाली जेवढी जागा पुरते तेवढी आपल्याला पुरत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो.

शिवाय 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फॉन्टमध्ये ते अर्धं र नीट नसेल तर चूक अर्थाची होते, आणि ती मुद्रितशोधकाच्या हातात राहत नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, तेही फॉन्ट निवडताना बघावं लागतं. रेडिंगलाच टाइपफेस डिझाइनचाही एमए आहे आणि फिओना रॉस यांच्यासारख्या, भारतीय लिप्यांवर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासक तिथे शिकवत आल्या आहेत. आणि आपल्याकडे रघुनाथ कृष्ण जोशी होऊन गेले. जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक, कवी, सुलेखनकार, मग पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. शब्द आणि अक्षर एकाच माणसात नांदू शकतात याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

जायचं असेल तर

भारतात लेखन आणि डिझाइन बरोबरीने शिकवणारी पदव्युत्तर वाट अरुंद आहे. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात कम्युनिकेशन डिझाइनचा एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहे, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ग्राफिक डिझाइनचा. आयआयटीच्या एमडेससाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मराठी किंवा पत्रकारिता केलेल्या पदवीधरालाही ती देता येते, हे अनेकांना माहीत नसतं. चित्रकलेचा सराव मात्र हवा.

नोकऱ्यांची नावं बदलत राहतात. ब्रिटिश सरकारने २०१२ साली आपली असंख्य संकेतस्थळं एकत्र करून एकच काढलं, तेव्हा त्या कामातून 'कंटेंट डिझायनर' हे पद रुळलं. मजकूर लिहितो असं न म्हणता मजकुराची रचना करतो म्हणणारा माणूस. आज बँका, दवाखान्यांची ॲप, प्रकाशनसंस्था, स्वयंसेवी संस्था अशा अनेक ठिकाणी ही कामं आहेत, कुठे यूएक्स रायटर (ॲप-संकेतस्थळांवरची बटणं, सूचना यांचा मजकूर लिहिणारा) या नावाने, कुठे इन्फर्मेशन डिझायनर.

अर्जाबरोबर पोर्टफोलिओ लागतो आणि इथेच आपली मुलं चुकतात असं मला वाटतं. देखणी पोस्टरं लावतात. या क्षेत्रातल्या शिक्षकांना त्याहून जास्त उपयोगी पडतं ते 'आधी' आणि 'नंतर', आणि मधे काय घडलं ते.

ओळखीतल्या एका मुलीने मागच्या वर्षी मला तिचं काम दाखवलं. तिने आजीच्या गोळ्यांचा तक्ता केला होता. पहिल्या कागदावर घड्याळाचे तास होते, सुबक रकाने होते. आजी म्हणाली, आठ म्हणजे जेवायच्या आधी की नंतर? दुसऱ्या कागदावर 'सकाळ, दुपार, रात्र' आलं. आजीने दुपारच्या चहाबरोबरची गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली. तिसऱ्यात गोळ्यांचे रंग आले, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिल्यावर रंगच बदलला. चौथ्यावर पहिला चहा, जेवण, दुसरा चहा, जेवण, झोप, अशा पाच ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीशेजारी त्या वेळच्या पाकिटाचा कापलेला तुकडा चिकटवलेला होता. पाकीट बदललं की तुकडा बदलायचा. आजी आता तो कागद स्वतः वाचते.

मुलीला त्यातला फक्त चौथा कागद पोर्टफोलिओत लावायचा होता. चारही लाव, म्हटलं, तारखांसकट, आणि प्रत्येकाखाली आजी काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिही.